रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय, चिखलणी अडली आहे

कुणगा_२२ (कुडाळ तालुका)

२२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, मागे एक मीटरचा रोटाव्हेटर, साइडला गिअर ड्राइव्ह. तरवा (भाताची रोपं) लावणीला आलाय आणि पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरचा जोर रोटाव्हेटरला देणारा दांडा) शिअर बोल्ट, म्हणजे जोर जास्त आला की आधी तुटून बाकीचं वाचवणारा बोल्ट, दर दोन गुंठ्यांना जातोय. कालपासून पाच गेले. बोल्ट एम ८, हार्डवेअरच्या दुकानातला. तीन वेळा मेरेशी (बांधाशी) वळताना तुटला, दोनदा चालू कुणग्यात (भातखाचरात). दगड लागल्याचा आवाज नाही. रोटाव्हेटर उचलला की शाफ्टमधून धडधड येते. गिअरबॉक्सचं तेलही दुधाळ दिसतंय. दुकानदार म्हणतो १०.९ ग्रेडचा टाका, तुटायचाच नाही. टाकू का?

जांभा_कातळ (राजापूर)

अजिबात टाकू नका. बोल्ट तुटला नाही तर क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) तुटेल, आणि क्रॉस टिकला तर क्राउन-पिनियनचे (गिअरबॉक्समधल्या गिअरचे) दात जातील. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच वापरा. ८.८ असो वा ४.६, आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो.

तुटलेले तुकडे फेकले नसतील तर उजेडात धरून बघा. तोंड सपाट, सुरीनं कापल्यासारखं असेल तर एका दमात जोर आलाय. एका कडेला काळपट गुळगुळीत पट्टा आणि उरलेला भाग खरखरीत असेल, तर बोल्ट आधीपासून चिरत आला होता. म्हणजे तो भोकात हलत होता. भोकं लांबट झाली असतील तर ती भरून पुन्हा मापात पाडून घ्या, नाहीतर कितीही बोल्ट घाला, जाणारच.

दुसरं म्हणजे आटे. पूर्ण आट्यांचा बोल्ट असेल तर कातर नेमकी आट्यावर येते. एम ८ ची सपाट दांडी ८ मिलिमीटर, पण आट्याच्या तळाशी जाडी साडेसहाच्या आसपास भरते. जवळजवळ एक तृतीयांश ताकद तिथेच जाते. त्यामुळे अर्ध्या आट्यांचा बोल्ट घ्या आणि दोन फ्लँजची (बोल्टनं जोडलेल्या चकत्यांची) सांध सपाट दांडीवर येईल असा बसवा.

आणि हे बहुतेक जण तपासत नाहीत: बोल्ट काढल्यावर यॉक (क्रॉस धरणारा दोन कानांचा तुकडा) हबवर हातानं मोकळं फिरतंय का? खाऱ्या हवेत ते गंजून चिकटतं. मग बोल्ट तुटूनही शाफ्ट सुटत नाही, सगळा जोर पुढे जातो. रॉकेल मुरवून मोकळं करा, ग्रीस भरा.

गडगा (संगमेश्वर)

धडधड उचलताना येते म्हणजे दोष शाफ्टच्या जोडणीत किंवा कोनात. दोन्ही पाहा.

पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. रोटाव्हेटर उचलून खाली लाकडाचे ठोकळे द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात घालू नका. आता शाफ्टच्या मधल्या नळ्यांची आतली दोन यॉक बघा, दोन्हींचे कान एकाच रेषेत हवेत. चौकोनी शाफ्ट काढून बसवताना ९० अंशांनी सहज चुकतो. तसं झालं की एका क्रॉसमुळे वेगात होणारा चढउतार दुसरा क्रॉस भरून काढत नाही, उलट वाढवतो. ५४० आरपीएमला शाफ्ट सेकंदाला ९ फेरे घेतो आणि दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो, म्हणजे सेकंदाला १८ झटके. तेच बोल्टला खातात.

मग कोन. काम करताना गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट समांतर हवेत, ते टॉप लिंकनं जमवा. क्रॉसचा कोन २५ अंशांच्या आत ठेवा. वळताना पाती जमिनीपासून वीतभर सुटली तरी पुरे. लिव्हर पूर्ण वर ओढायची सवय असेल तर लिफ्टचा स्टॉप खाली बांधा. शाफ्टची लांबीही मोजा: सगळ्यात आखूड स्थितीत टोकाशी किमान इंचभर जागा राहिली पाहिजे, सगळ्यात लांब स्थितीत नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात.

मेरेशी तुटण्याचं आणखी एक कारण: तिथली माती न भिजलेली, वर गडग्याचे (दगडी कुंपणाचे) जांभे घरंगळून आलेले. पाती फिरत असतानाच रोटाव्हेटर धपकन टाकू नका. पीटीओ कमी आरपीएमवर, पाती अधांतरी असताना लावा आणि हळूहळू उतरवा.

खाजण_भात (अलिबाग)

बोल्टबद्दल वर सगळं आलंय. मी तेलाचं सांगतो, कारण दुधाळ तेल, म्हणजे तेलात शिरलेलं पाणी, ही त्याहून मोठी बाब आहे.

गिअरबॉक्सवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छिद्र) चिखलानं बुजलाय का बघा. बॉक्स तापतो, मग पाण्यात उतरला की थंड होतो आणि आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा सीलच्या (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी ओढून घेते. तारेनं ब्रीदर मोकळा करा, नंतरच सील बदला, नाहीतर नवं सीलही तसंच जाईल.

रोटरच्या टोकाला, फ्लँजमागे, गवत आणि प्लास्टिकची सुतळी गुंडाळलेली हमखास सापडते. ती वितळून कडक होते आणि सीलचा ओठ कापते. सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सील दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून बसवा, म्हणजे ओठ खाचेवर येणार नाही.

तेल गरम असताना काढा. थोडं डिझेल घालून रोटर हातानं फिरवा आणि उपसा. पीटीओवर फिरवू नका. मग ईपी ९० तेल, ट्रॅक्टर सपाटीवर ठेवून लेव्हल प्लगपर्यंत. साइड केसचं (बाजूच्या गिअर ड्राइव्हच्या पेटीचं) तेल वेगळं असतं, तेही उघडून बघा.

कुणगा_२२

तपासलं. पाचही बोल्ट पूर्ण आट्यांचे. यॉक हबवर जाम होतं, रॉकेल मुरवून आता फिरतंय. आतली यॉक ९० अंशांनी चुकलेली निघाली. फिरवून बसवली, उचलताना धडधड गेली. ब्रीदर मातीनं भरलेला. साइड केसचं तेल स्वच्छ आहे. सील उद्या काढतो. बोल्टऐवजी स्लिप क्लच (जोर जास्त आला की तुटण्याऐवजी घसरणारा) बसवला तर?

जांभा_कातळ

गडग्याच्या दगडात स्लिप क्लच चांगला, पण कोकणात त्याला सांभाळायला हवं. पावसाळाभर उभा राहिला की प्लेट गंजून चिकटतात आणि घसरतच नाहीत. मग तो नसल्यासारखाच. दर हंगामाआधी स्प्रिंगचे नट किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा, सैल करा, दोन-तीन सेकंद घसरवा आणि त्याच मोजावर परत आवळा. हे जमणार नसेल तर बोल्टच बरा.

सध्या मॅन्युअलच्या ग्रेडचे दहा बोल्ट आणि नट टूलबॉक्समध्ये ठेवा. क्रॉसला दर ८ तासांनी ग्रीस. पहिला कुणगा संपला की पात्यांचे बोल्ट आवळून बघा आणि उजवी-डावी पाती मूळ क्रमानेच आहेत ना तेही. क्रम बिघडला की दोन पाती एकदम मारतात, आणि चालू शेतात तुटलेले ते दोन बोल्ट त्यानंही गेले असतील.