मदत हवी आहे: सीएलएल आणि किडनी
बाबांना सीएलएल (हळूहळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे. औषध अजून नाही, नुसतं लक्ष ठेवून आहेत. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहीत, पण हल्ली लघवीला फेस येतो, संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटतात. लघवीतून प्रोटीन जातंय, क्रिएटिनिनही (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) चढतंय. डॉक्टर म्हणतात, बायोप्सीशिवाय (सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय) कळणार नाही: सीएलएलच्या पेशी थेट किडनीत शिरल्यात, की त्यांनी बनवलेल्या प्रथिनामुळे गाळण्या सुजल्यात, की कारण भलतंच आहे. पटतंय, पण प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्याने रक्तस्रावाची धाकधूक वाटते. (आई तर सुईचं नावही काढू देत नाही.)

पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नसतानाही केवळ किडनीसाठी कुणाचे उपचार सुरू झाले का? व्हेनेटोक्लॅक्स (सीएलएलवरचं औषध) दिलं असल्यास ट्यूमर लायसिस (कॅन्सरच्या पेशी एकदम फुटून किडनीवर ताण येणं) होऊ नये म्हणून काय काळजी घेतली? घरगुती औषधं कृपया सुचवू नका, किडनी आधीच नाजूक आहे.