‘दीड हजारात माणसं आळशी झाली’ म्हणे! ऊसतोड मजुरांच्या टोळ्या का मिळत नाहीत?

वारणाकाठ : उसाला तुरा आलाय, वजन घटतंय आणि टोळी मिळेना. लाडक्या बहिणीचे दीड हजार घरात बसून मिळतात, मग मराठवाड्यातून ऊस तोडायला येतंय कोण? सरकारनं माणसं आळशी करून ठेवली.

धारूरकर : आळशी? माझे आईबाप कोयत्यावर जायचे, म्हणून सविस्तर लिहितो. २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन दर झाला टनाला ३६६. नवरा-बायकोनं दिवसभर मरमर करून दोन टन तोडला तर दोघांचे मिळून ७३२. तेही उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांत, वळते. तापानं फणफणून एक दिवस पडलं की खाडा, त्याचा दंड वेगळा. रात्री-अपरात्री गाडी लागली की आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायची, खाली पाचटात धाकटी बहीण झोपलेली. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दुसरं काही काम मिळालं की माणूस हे सोडणारच.

वारणाकाठ : तुमच्या आईबद्दल आदरच आहे. पण खुशालीचं, म्हणजे टोळी वरून मागते त्या पैशांचं काय? ते दिल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही. ऊस नेणाऱ्या ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे खेपेमागचे पैसे, वेगळे. उसाचे शेंडे, म्हणजे वाढंही टोळीवालेच विकणार. बिल यायच्या आधीच आमचा खिसा रिकामा.

ट्रॅक्टरवाला : खुशालीचं काय घेऊन बसलात! मी कर्ज काढून टोळी आणणाऱ्या मुकादमाला उचल दिली. हंगाम सुरू झाला आणि त्याचा फोन बंद. गावात गेलो तर त्याचे भाऊबंद अंगावर आले. कारखाना वसुली माझ्याकडूनच करतो. ट्रॅक्टर विकायची पाळी आलीय.

धारूरकर : पळाला मुकादम, नाव खराब मजुरांचं! उचल किती, फिटली किती, याचा एक कागद माझ्या बापाला कधी कुणी दाखवला नाही.

ट्रॅक्टरवाला : सगळेच मजूर गरीब गाय नसतात. दोन मुकादमांकडून उचल घेणारे मी पाहिलेत. उगाच शिकवू नका.

धारूरकर : असतील तसेही. पण त्यांच्यापायी अख्ख्या जिल्ह्याला चोर ठरवू नका.

नवा गडी : भांडता कशाला? हार्वेस्टर आणा.

वारणाकाठ : वीस गुंठ्यांत तो वळवून दाखवा. वर उसाच्या वजनातून पाचटाची वजावट आमच्याच माथी. आणि धारूरकर, दर कमी आहे हे मान्य. खुशालीबद्दल मात्र माघार नाही.

धारूरकर : घेऊच नका. खुशाली बंद व्हायलाच हवी, पण त्यासाठी दर वाढवा, कारखान्यानं टोळीशी थेट करार करावा आणि उचल मजुराच्या खात्यावर टाकावी. मधला मुकादम काढा.

ट्रॅक्टरवाला : काढा की! पण आधी माझे बुडालेले पैसे कोण देणार ते सांगा.