मध्यम आकाराच्या देशाला दूर समुद्रापार आक्रमण जमेल का?

दर्यावर्दी:
महासत्ता नसलेला देश स्वतःच्या किनाऱ्यापासून दहा-बारा हजार किलोमीटरवर फौज उतरवून जमीन जिंकू शकतो का? ब्रिटनने १९८२ मध्ये अर्जेंटिनाकडून दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं परत घेतली, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यासाठी नेमकं काय काय लागलं? आणि भारताला आज ते जमेल का? जाणकारांनी जहाजं आणि रसदीच्या अंगाने सांगावं.

होकायंत्र:
ब्रिटनला जमलं, पण काठावर. लढणारी फौज जेमतेम दहा हजारांची. तिला तिथे नेऊन जगवायला शंभराहून जास्त जहाजं लागली आणि त्यातली निम्मी-अधिक नौदलाची नव्हतीच. कॅनबेरा आणि क्वीन एलिझाबेथ-२ ही प्रवासी जहाजं, तेलवाहू, मालवाहू, ओढनौका, सगळं भाड्याने किंवा सक्तीने ताब्यात घेतलं. काही दिवसांत त्यांवर हेलिकॉप्टरसाठी डेक चढवले, भर समुद्रात तेल घ्यायची सोय बसवली.

अंतर सुमारे १३,००० किमी. १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वेगाने दिवसाला ६६० किमीच्या आसपास, म्हणजे न थांबता २० दिवस. पहिली जहाजं ५ एप्रिलला पोर्ट्समथहून निघाली, फॉकलंडमधल्या सान कार्लोसला फौज उतरली २१ मे रोजी. वाटेत अटलांटिकमध्ये असेन्शन बेट नसतं तर हे गणित बसलंच नसतं. बेट ब्रिटिश, पण तिथली लांब धावपट्टी अमेरिकेच्या वापरात. अमेरिकेनेच तिथे विमानांचं इंधन पुरवलं.

असेन्शनला आणखी एक काम उरकावं लागलं, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. घाईत निघताना माल हाताला येईल तसा भरला होता. किनाऱ्यावर सगळ्यात आधी लागणारं सामान होल्डमध्ये (जहाजाच्या पोटातल्या कोठारात) सगळ्यात वर हवं, म्हणजे ते शेवटी भरायला हवं. इथे दारूगोळा एका जहाजावर आणि तो वापरणारी तुकडी दुसऱ्यावर. बेटावर मोठी जहाजं लागतील असा धक्का नाही, त्यामुळे हेलिकॉप्टर आणि उतरण-नौकांनी माल या जहाजावरून त्या जहाजावर हलवून नव्याने रचला.

गलबत:
हवाई छत्राबद्दल थोडी भर. सुरुवातीला हर्मीस या विमानवाहू नौकेवर १२ आणि इन्व्हिन्सिबल या दुसरीवर ८, एवढीच सी हॅरियर लढाऊ विमानं होती. हवाई झुंजीत त्यांतलं एकही पडलं नाही. पण दूरवरून येणारं विमान टिपणारं टेहळणी विमान ताफ्यात नव्हतं. आर्क रॉयल या जुन्या विमानवाहू नौकेबरोबर ती विमानं आधीच मोडीत गेली होती. परिणामी शत्रू अगदी जवळ आल्यावरच रडारवर दिसे. शेफील्ड, आर्डेंट, अँटिलोप, कॉव्हेंट्री अशा चार युद्धनौका गेल्या.

अर्जेंटिनाची विमानं मात्र मुख्य भूमीवरून येत होती. त्यांतल्या डॅगर लढाऊ विमानांना हवेत इंधन घेता येत नसल्याने बेटांवर काही मिनिटंच मिळत. विमानातून डागायची एक्झोसे क्षेपणास्त्रं त्यांच्याकडे फक्त पाच होती आणि फार खालून टाकलेले कित्येक बॉम्ब फुटलेच नाहीत. यातलं काहीही उलटं झालं असतं तर निकाल फिरला असता, असं माझं ठाम मत आहे.

दर्यावर्दी:
एकदा किनाऱ्यावर पाय रोवल्यावर तरी सोपं झालं ना?

होकायंत्र:
नाही, खरी ओढाताण तिथे सुरू झाली. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाला एक्झोसे लागलं. तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टर आणि तंबू गेले. चार चिनूकपैकी एकच उरलं. बेटांवर रस्ते नाहीत, दलदल आणि दगड. सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन ८०-९० किमी चालत जावं लागलं, कारण उरलेली हेलिकॉप्टर तोफगोळे वाहत होती.

हिशोब मांडून पाहा. १०५ मिमीच्या ३० तोफा होत्या. समजा प्रत्येकीने दिवसात ३०० गोळे डागले, तर ९,००० गोळे. गोळा १६ किलोचा धरला तरी १४४ टन, काडतुसं आणि पेट्या वेगळ्या. सी किंग हेलिकॉप्टर खाली लटकवून अडीच-तीन टन नेतं, म्हणजे केवळ गोळ्यांसाठी पन्नासेक फेऱ्या. शिवाय हिवाळा तोंडावर आलेला. १४ जूनला शरणागती आली नसती, तर आणखी फार काळ हा वेग टिकला नसता.

शीड:
भारताबद्दल. तीच हर्मीस १९८७ मध्ये आपल्याकडे विराट म्हणून आली आणि २०१७ पर्यंत नौदलात राहिली. आज विक्रमादित्य आणि विक्रांत या विमानवाहू नौका आहेत आणि हवाई टेहळणीला कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरही आहेत. त्या बाबतीत आपण १९८२ च्या ब्रिटनपेक्षा बरे.

अडतं उतरवण्यात. पोटात उतरण-नौका ठेवायचं मोठं डॉक असलेलं जहाज एकच, जलाश्व. ते अमेरिकेकडून घेतलेलं, बांधणी १९७१ ची, त्यावर सुमारे हजार सैनिक मावतात. बाकी शार्दूल वर्गाची फौज उतरवणारी जहाजं आहेत, पण त्यांना थेट किनाऱ्याला नाक लावावं लागतं. म्हणजे मऊ उताराची पुळण आणि भरतीची वेळ दोन्ही जुळायला हवं. मोजकीच जहाजं म्हटल्यावर एक ब्रिगेडसुद्धा (काही हजार सैनिक) एका खेपेत पोचणार नाही. एक जहाज दुरुस्तीला गेलं की योजनाच कोसळते.

१९८८ च्या मालदीव मोहिमेचा दाखला बरेच जण देतात. आग्र्याहून आयएल-७६ विमानांनी छत्रीसैनिक नेले, पण मालेजवळच्या हुल्हुले बेटावरचा विमानतळ मित्रांच्या हातात होता आणि मालदीव सरकारनेच बोलावलं होतं. विरोध होत असलेल्या किनाऱ्यावर उतरणं हे अगदी वेगळं काम. अंदमानच्या पल्ल्यात भारत ते करू शकेल, कारण तिथे आपलाच तळ आहे. दहा हजार किमीवर, वाटेत कुणाची धावपट्टी आणि तेल नसताना, मला तरी शक्य दिसत नाही. तेलवाहू जहाजांची संख्या वाढवल्याशिवाय विमानवाहू नौका वाढवूनही यात फरक पडणार नाही.