टी५ ट्यूबलाईट काढून एलईडी लावली आणि दोन महिन्यात रीफ टँक (कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) हिरवागार झाला, दोष लाईटचाच का?

विश्रामबाग_रीफ
नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, साडेतीन फुटी मरीन टँक आहे, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून २०० लिटरच्या आसपास, दोन क्लाऊन, एक गोबी हे मासे आणि झोआ, मश्रूम, एक टोडस्टूल लेदर ही मऊ कोरलं. दोन वर्षं टी५ वर होता, काही त्रास नाही. फेब्रुवारीत ट्यूबा काढून १६५ वॅटची साधी दोन चॅनलवाली एलईडी बसवली, पाण्यापासून ६ इंचावर, निळा आणि पांढरा दोन्ही ८० टक्के, सकाळी १० ते रात्री ९. एप्रिल संपेस्तोवर दगडांवर बोटबोट लांब हिरवं केसाळ शेवाळ, झोआ पार बुडून गेलेत, आठवड्यातनं दोनदा टूथब्रशनं घासतो की चार दिवसात परत तेवढंच. नायट्रेट फॉस्फेट दोन्ही टेस्टला शून्य दाखवतंय मग हे जगतंय कशावर हेच कळेना. पाणी घरच्या आरओचं. दुकानदार म्हणतो एलईडीनंच होतं, टी५ परत लाव. खरंच काढू का? लई जीव लावून उभा केलाय टँक, आता बघवत नाही.

अजिंक्यतारा_मरीन
दादा एलईडी काढू नका, सेटिंग मात्र आजच्या आज बदला. टी५ च्या ट्यूबा ९ ते १२ महिन्यात उतरतात, प्रकाश कमी होतो आणि रंगही सरकतो, म्हणजे तुमच्या ट्यूबा दोन वर्षांच्या असतील तर टँक बरेच महिने कमी उजेडातच होता आणि त्यावर तुम्ही एकदम ६ इंचावरनं ८० टक्के सोडलं. झोआ, मश्रूम, लेदरला साधारण ५० ते १५० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, तुमच्या वरच्या दगडावर त्याच्या कितीतरी पुढं जात असणार. लाईट १२-१४ इंच वर घ्या, पांढरा १० वर आणा, निळा ४० वर, आणि ८ तास बास. ११ तास कशाला पाहिजेत?
आणि मोबाईलच्या लक्स ॲपनं मोजू नका. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती दिसतं ते, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात तेज असतो, ४५० च्या निळ्याला अगदी मंद. त्यामुळं निळा लाईट आपल्याला अंधूक वाटतो म्हणून लोक वाढवत जातात आणि कोरल भाजतं.

मिरजेची_झोआ
वरच्या दादांचं सेटिंग बरोबर आहे, मीही तेच ठेवते, पण पुष्कळ जण यातनं असा अर्थ काढतात की निळ्यावर शेवाळ येतच नाही, तो गैरसमज आहे. हिरव्या शेवाळातलं क्लोरोफिल ए ४३० च्या आसपास निळा आणि ६६० च्या आसपास लाल खातं. कोरलच्या आत राहणाऱ्या झूझॅन्थेली या सूक्ष्म शेवाळामध्येही तेच क्लोरोफिल ए असतं, फक्त जोडीला क्लोरोफिल सी आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं असल्यानं त्यांचं निळ्यावर जास्त भागतं, कारण समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरातच संपतो. या स्वस्तातल्या दोन चॅनलच्या लाईटमध्ये पांढऱ्या चॅनलवरच लाल हिरवे दिवे जोडलेले असतात, म्हणून पांढरा उतरवला की शेवाळाला फटका बसतो आणि कोरलला फारसा नाही. एवढाच त्याचा उपयोग, शेवाळ उपाशी मरत नाही त्यानं.
टेस्ट शून्य येतेय कारण पाण्यात आलेलं सगळं शेवाळच खाऊन टाकतंय! दगडावर एवढं गवत असताना शून्य रीडिंगवर विश्वास ठेवायचाच नाही.

तासगाव_बागायत
मी द्राक्षवाला, मरीन टँक वर्षभरापासनंच, पण ताईंचं वाचून लगेच बागच डोळ्यापुढं आली. खरडछाटणीनंतर ऊन लागतंच, उन्हाशिवाय काडीत घड तयार होत नाही, पण तेच ऊन असताना नत्र जादा पडलं की नुसता शेंडा पळतो. नायट्रेट म्हणजे नत्र, फॉस्फेट म्हणजे स्फुरद. तुम्ही ऊन वाढवलंत हे दिसलं, खत कुठनं पडतंय ते शोधा. आपल्याकडं कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड का झाल्या, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतो म्हणून. टँकचंही तसंच आहे बघा. उन्हाळ्यात पंखा लावला असेल तर रोजचं किती पाणी घालताय?

विश्रामबाग_रीफ
पंखा आहे, नाहीतर पाणी ३० च्या वर जातं. रोज ४ लिटर तरी टॉपअप.

मिरजेची_झोआ
मग सापडलं. महिन्याला १२० लिटर झालं हे. घरच्या आरओला बहुतेक टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो तो, पिणाऱ्याला चांगलं पण टँकला नाही. मीटर लावून बघा. वेगळा आरओ घेऊन शेवटी उरलेसुरले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन लावा, टीडीएस ० आलाच पाहिजे. बोअरचं असेल तर रेझिन लवकर संपेल, तयारी ठेवा.
शेवाळ आधी हातानं उपटून बाहेर काढा, टँकमध्येच कुजू दिलं तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात. चारेक टर्बो गोगलगाई सोडा. आणि फॉस्फेट एकदम शून्यावर नेणारा मीडिया भरभरून घालू नका, ०.०३ ते ०.१ मध्ये राहू दे, नाहीतर डायनो (तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) येतात आणि ते या शेवाळापेक्षा बेकार.

अजिंक्यतारा_मरीन
सम्पमध्ये जागा असेल तर कीटो (मुद्दाम वाढवायचं गुंतागुंतीचं हिरवं समुद्री शेवाळ) ठेवा आणि त्यावर लाल-निळा ग्रो लाईट रात्रभर. म्हणजे जे खत आहे ते तिकडं वाढवायचं आणि मूठमूठ काढून टाकायचं. रात्री चालवला की पीएचही फार पडत नाही. शेवाळवाले दगड बदलायचे म्हणून कुणाकडनं समुद्रातलं कोरल लागलेले दगड मात्र घेऊ नका, आपल्या किनाऱ्यावरचं कडक कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्युल १ ला आहे.

विश्रामबाग_रीफ
सात आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. घरच्या आरओचा टीडीएस ७४ निघाला! आता वेगळा आरओ-डीआय, ०. लाईट १३ इंचावर, निळा ४०, पांढरा १०, आठ तास. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, मी जवळजवळ टी५ परत आणणार होतो, दगडात मुरलेलं फॉस्फेट सुटत असणार. चौथ्यापासनं शेवाळ पिवळट पडलं आणि चिमटीत धरलं की मुळासकट यायला लागलं, त्याआधी तुटायचं. कीटोची मूठभर कापणी दर रविवारी. आज फॉस्फेट ०.०५, नायट्रेट ५, म्हणजे आता टेस्टला खरं दिसतंय. झोआ निम्म्या उघडल्यात, डावीकडची हिरवी कॉलनी गेली ती गेलीच. ताई, तासगावचे दादा, साताऱ्याचे दादा, मनापासून आभार. लेदर अजून मिटूनच आहे, त्याला लाईट कमी पडतोय का अजून सवय होतेय?

अजिंक्यतारा_मरीन
लेदर कात टाकतंय का बघा, वर मेणासारखा पापुद्रा दिसेल. त्याच्यावर पंपाचा झोत थोडा वाढवा, लाईटला आठवडाभर हात लावू नका.