आयांचे साक्षरता वर्ग : वीस वर्षांनी काय उरते?

खानापूरकर :
आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीतील मुलांच्या आयांसाठी संध्याकाळचा वाचन-लेखन वर्ग सुरू करण्याचा विचार शाळा सुधारणा समितीत चालू आहे. आई आणि मूल एकाच खोलीत बसून शिकतील, अशी कल्पना आहे. समितीतील एका वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा, की साक्षरता मोहिमेतही बायकांनी पाट्या गिरवल्या, पण थोड्याच वर्षांत बहुतेकींचा अंगठा पुन्हा शाईच्या डबीकडे वळला. अशा वर्गांचे आई-मुलांवर दीर्घकाळ काय परिणाम होतात, याचा कोणी अभ्यास केला आहे का?

टिळकवाडीचा वाचक :
अभ्यास झालेले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एका सुरात नाहीत. अमेरिकेत ‘ईव्हन स्टार्ट’ या नावाने केंद्र सरकारने 1988 च्या कायद्यान्वये अशी मोठी योजना चालवली. 2003 च्या राष्ट्रीय मूल्यमापनात वर्गात आलेल्या कुटुंबांची प्रगती न आलेल्यांपेक्षा अधिक आढळली नाही आणि पुढे 2011 मध्ये तिचा निधी थांबला. पालकांची हजेरी फार तुटपुंजी होती, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

याउलट इस्तंबूलमध्ये 1982 साली चिदेम काउतचिबाशी आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील आयांसाठी जो प्रकल्प सुरू केला, त्यातील मुलांचा मागोवा पुढे ती मोठी होईपर्यंत घेतला गेला. दहा वर्षांनी प्रशिक्षित आयांची 86 टक्के मुले शाळेत टिकून होती, इतरांची 67 टक्के. तरुणपणी प्रशिक्षित आयांच्या मुलांत विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाणही अधिक होते. मात्र तो अक्षरओळखीचा वर्ग नव्हता. मुलाशी बोलावे कसे आणि घरी त्याच्याकडून अभ्यास करून घ्यावा कसा, याचे ते शिक्षण होते. आपल्याकडे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने बिहार आणि राजस्थानातील गावांत केलेल्या प्रयोगात (2017 मध्ये प्रसिद्ध) साक्षरता वर्ग आणि घरचा अभ्यास दोन्ही मिळालेल्या आयांची भाषा-गणितातील प्रगती सर्वाधिक होती, तीही बेताचीच, आणि मुलांची त्याहून कमी. तेव्हा समितीला एका वर्षात चमत्कार होईल, असे सांगू नका.

निपाणीची :
वरील आकडेवारीला माझा विरोध नाही, पण ती बरीचशी मुलांच्या बाजूने मोजलेली वाटते. आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायकांचा असा वर्ग मी काही काळ घेतला. मांडीवरचे सूप खाली न ठेवता, पान कातरता कातरता मुलीला मोठ्याने धडा वाचायला लावणारी आणि ती अडखळली की ‘परत वाच’ म्हणणारी बाई मी पाहिली आहे. तिला स्वतःला जोडाक्षर जमत नव्हते, पण मुलगी कुठे चुकते, ते तिच्या कानाला कळत होते. तीच बाई पुढे विड्यांचा हिशेब पुस्तकात स्वतः तपासू लागली आणि मुकादमाशी भांडू लागली. हा परिणाम कोणत्या चाचणीत मोजणार? ज्यांना रोज लिहिण्या-वाचण्याचे काही काम उरले नाही, त्या मात्र खरोखरच विसरल्या. तुमच्या ज्येष्ठांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे.

सीमेवरचा शिक्षक :
एक मुद्दा राहिला. आपल्याकडे, कर्नाटकातील सीमाभागात, घर मराठी, शाळा मराठी, पण रेशनकार्ड, जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस हे सगळे कन्नडमध्ये. केवळ मराठी शिकलेल्या आईला अक्षर वापरायला बाहेर जागाच थोडी मिळते, आणि न वापरलेले अक्षर टिकत नाही. म्हणून माझ्या मते आरंभ मराठीतूनच व्हावा, कारण मुलाचे पुस्तक मराठीत आहे. पण बाराखडी पक्की होताच कन्नड अक्षरे दाखवावीत. वर्णमालेचा क्रम जवळपास सारखाच असल्याने ते अवघड जात नाही. येथील भाषिक वादामुळे काहींना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

हजेरीचे म्हणाल, तर रोप लावणीच्या आणि भात कापणीच्या दिवसांत वर्ग सरळ बंद ठेवा आणि तो काळ आधीच वेळापत्रकात दाखवा. तसे न केल्यास पहिल्याच पावसाळ्यात वर्ग रिकामा होईल आणि समिती म्हणेल, बायकांनाच गरज नाही.