रस्त्याकडेच्या ढिगातून कलिंगड निवडताना टिचक्या मारून खरंच काही कळतं का?

उन्हाळी_पाखरू

लहानपणी गाडी रस्त्याकडेच्या ढिगापाशी थांबली की आम्ही भावंडं आधी उड्या टाकायचो आणि जे सगळ्यात मोठं दिसेल त्याला मिठी मारायचो. बाबा मात्र सावकाश यायचे. एकेक कलिंगड तळहातावर तोलायचे, कानाशी न्यायचे, टिचकी मारायचे, मान हलवून परत ठेवायचे. मामा सोबत असला की वाद ठरलेला. त्याचं म्हणणं, लांबट ते नर, गोल ते मादी आणि गोड फक्त मादी. विकणारा दोघांकडे बघून नुसता हसायचा.

आता मीही टिचक्या मारते. लेक कौतुकाने बघते, पण कानाला नेमकं काय ऐकू यायला हवं हे मला कुणी सांगितलेलंच नाही आणि बाबांना विचारायची सोय राहिली नाही. जाणकारांनी सांगा: यात तथ्य किती आणि थाट किती?

वेलबुट्टी

मामांचा मुद्दा आधी निकालात काढते. कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर फुलंही येतात आणि मादी फुलंही. फळ धरतं ते मादी फुलापासूनच, त्यामुळे नर कलिंगड ही चीजच नाही. लांबट की गोल हे वाणावर ठरतं.

आवाजाचं म्हणाल तर कच्चं फळ टणक, चढ्या सुरात वाजतं. तयार फळाचा आवाज घुमतो, खालच्या पट्टीत. फार पिकून गर भुसभुशीत झाला की नुसतं बद्द वाजतं. पण साल जाड असली की भले भले चकतात.

ढिगामागचा

मी त्या हसणाऱ्या विकणाऱ्याचा मुलगा. म्हणजे तुमच्याच विकणाऱ्याचा नव्हे, पण आमचे वडील तसेच हसायचे. सुट्टी लागली की माझी जागा ढिगामागे, पोत्याच्या सावलीत. ओल्या फडक्याने कलिंगडं पुसायची आणि दाखवायला ठेवलेल्या अर्ध्या फळावरच्या माश्या वारायच्या, ही माझी कामं.

गिऱ्हाईक टिचक्या मारत असायचं तेव्हा वडील त्याच्या हाताकडे बघायचे. कलिंगड उलटं करून बघणारा आला की मला हळूच म्हणायचे, "याला शिकवू नकोस, याला येतं." कलिंगड ज्या बाजूने जमिनीवर टेकलेलं असतं तिथे ऊन लागत नाही, म्हणून डाग पडतो. डाग पांढरट असेल तर फळ घाईने तोडलंय, लोण्यासारखा पिवळसर असेल तर वेलीवर पुरतं मुरलंय. दुसरी खूण देठाजवळच्या तणाव्याची, ती कुरळी दोरी असते ना, तिची. ती वाळली की फळ तयार. पण हे शेतातच दिसतं, ढिगात आलेल्या फळाला तणावा कुठला राहायला!

आणि घरी नेऊन चार दिवस ठेवलं की गोड होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आंबा पिकतो तसं कलिंगड तोडल्यावर पिकत नाही. जेवढी साखर वेलीवर भरली तेवढीच. रंग मात्र थोडा चढू शकतो: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अख्खी कलिंगडं २१ अंश सेल्सिअसला १४ दिवस ठेवली, तर लाल रंग देणारं लायकोपीन वाढलेलं आढळलं. गोडी नाही वाढली.

आमच्या वाट्याला अर्थात ढिगातलं चांगलं कधी यायचं नाही. उतरवताना तडकलेली ती आमची. पहाटे तोडलेली फार तडकायची, कारण रात्रभर पाणी पिऊन साल ताठलेली असते. नखाने टोचलं तरी फटकन उलायची. शेतकरी म्हणून तर उन्हं चढल्यावर तोडायचा आणि वडील उशीर झाला म्हणून करवादायचे. मी मनातल्या मनात पहाटेच्या तोडणीच्या बाजूने.

उन्हाळी_पाखरू

@ढिगामागचा, वाचून बराच वेळ हसले. बाबा उलटं करून कधीच बघायचे नाहीत, म्हणजे त्यांना शिकवायला हवं होतं! अजून एक विचारते. कधी कधी विकणारा सुरीने त्रिकोणी तुकडा काढून दाखवायचा. तो तुकडा लालभडक आणि गोड, पण घरी फोडी केल्या की कडेच्या अगदीच पाणचट. यात काही हातचलाखी होती का?

ढिगामागचा

हातचलाखी नाही, पण शहाणपणा होता. कलिंगडाची सगळी गोडी गाभ्यात, सालीकडे येताना ती उतरत जाते. वडील सुरी मधोमध, पार खोलवर घालायचे आणि चाखायला द्यायचे ते तुकड्याचं टोक. म्हणजे अख्ख्या फळातला सगळ्यात गोड घास तुम्ही तिथेच उभ्या उभ्या खाल्लेला असायचा. खरी परीक्षा करायची तर टोक पोरांना द्या आणि स्वतः सालीकडचं चाखा. ते गोड लागलं तर डोळे झाकून घ्या.

वेलबुट्टी

आणि तुकडा परत बसवून दिला असेल तर त्याच दिवशी खाऊन संपवा. अख्खं कलिंगड टिकतं, भोक पाडलेलं उन्हाळ्यात लगेच आंबतं.

बी_थुंक्या

सगळं खरं, पण हल्ली बिनबियांची घेतात लोक, त्याचं काय? अशी कलिंगडं तयार करणाऱ्या जपानच्या किहारा या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा त्यांना पोरांचा विचार करायला हवा होता. आमच्यात बी कोण लांब थुंकतो यावर शेवटची फोड कुणाची ते ठरायचं. आता ती सरळ मोठ्या भावाला जाते.