ऑडी टीटीचे रीमॅपिंग: आपल्याकडच्या पेट्रोलवर किती ताकद मागावी?

सह्यकडा:
नमस्कार. माझ्याकडे 2016 ची ऑडी टीटी 45 टीएफएसआय आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन, 230 अश्वशक्ती, 370 न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा एस-ट्रॉनिक (स्वयंचलित, दोन क्लचचा) गिअरबॉक्स असा तिचा मूळ संच आहे. गाडी पुण्यात असते आणि महिन्यातून एखादी फेरी कोल्हापूरपर्यंत होते. येथील एका ट्यूनरने कोणताही सुटा भाग न बदलता, केवळ ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) 'स्टेज 1' रीमॅपिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधील बदल, करून सुमारे 300 अश्वशक्ती आणि 430 न्यूटन-मीटर मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. नुसत्या एका फाईलने 70 अश्वशक्ती येते तरी कुठून, आणि तिची किंमत इंजिन व गिअरबॉक्स यांना कोणत्या स्वरूपात मोजावी लागते, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

वाल्व्हकव्हर:
ताकद हवेतूनच येते. आपल्या गाडीतील ईसीयू पेडलच्या दाबाचे भाषांतर थेट थ्रॉटलच्या उघडझापीत करत नाही. चालकाला किती टॉर्क हवा आहे हे तो आधी ठरवतो, त्यासाठी किती हवा लागेल याचा हिशोब करतो आणि त्यानुसार टर्बोकडून बूस्ट (दाबून आत ढकललेली जादा हवा) मागतो. या हिशोबात ठिकठिकाणी मर्यादांचे तक्ते असतात. ट्यूनर त्या मर्यादा वर सरकवतो, बूस्टचे लक्ष्य वाढवतो आणि त्याला जुळेल असे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) व इंधनाचे प्रमाण लिहितो. जगभरचे बरेवाईट पेट्रोल, उन्हाळे आणि लांबलेले सर्व्हिसिंग हे सारे गृहीत धरून उत्पादकाने जी शिल्लक ठेवलेली असते, तीच आपण खर्चायला काढतो. टर्बो नसलेल्या इंजिनात ही शिल्लक फार थोडी असते, म्हणूनच त्यांच्या रीमॅपिंगमधून हाती फारसे काही लागत नाही. ट्यूनरने सांगितलेले आकडे या इंजिनासाठी अवास्तव नाहीत, पण ते कोणत्या पेट्रोलवरचे, हे त्याला आधी विचारा.

नॉकलॉग:
वरच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. युरोपातील बहुतेक तयार फाइली 95 किंवा 98 ऑक्टेन (पेट्रोलची अवेळी न पेटण्याची क्षमता) धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एक्सपी 95 बऱ्याच पंपांवर मिळते. पॉवर 99 आणि एक्सपी 100 मात्र मोठ्या शहरांतील निवडक पंपांवरच. म्हणजे पुण्यात 100 ऑक्टेन भरून निघालात तरी परतीच्या प्रवासात साताऱ्याच्या पुढेमागे काय मिळेल, याचा भरवसा नाही. फाईल 98 साठी लिहिलेली असेल आणि टाकीत त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल असेल, तर नॉक (मिश्रणाचे अवेळी, धक्क्याने पेटणे) ओळखणाऱ्या सेन्सरच्या इशाऱ्यावरून ईसीयू टायमिंग मागे खेचून इंजिन वाचवतो. गाडी चालते, पण विकत घेतलेली ताकद जागेवर राहत नाही आणि सेन्सरला सतत राखणदारी करावी लागते.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद पाहून समाधान मानू नका. वातानुकूलित खोलीत, बोनेट उघडे ठेवून, समोर पंखा लावून काढलेला तो आकडा असतो. मोकळ्या आणि सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये 2500 ते 6000 आरपीएमपर्यंत पूर्ण पेडल दाबून लॉग (ईसीयूतील आकड्यांची नोंद) घ्यावा आणि त्यात चार रकाने पाहावेत: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरचे मागे घेतलेले टायमिंग. एखाद्या सिलिंडरने क्षणभर दोनेक अंश मागे घेतले तर चिंता नसावी. मात्र एप्रिलच्या दुपारी चारही सिलिंडर चार-पाच अंशांवर अडकून बसत असतील, तर ती फाईल आपल्या हवेसाठी नाही. ट्यूनर असे लॉग पाहून फाईल दुरुस्त करून देणार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

दुहेरी_क्लच:
इंजिनापेक्षा मला गिअरबॉक्सची काळजी अधिक वाटते. आपल्या गाडीत तेलात बुडालेल्या दोन क्लचचा डीक्यू250 आहे. त्याची अधिकृत क्षमता 350 न्यूटन-मीटर मानली जाते, म्हणजे कारखान्यातून निघतानाच आपली गाडी त्या रेषेच्या थोडी पलीकडे आहे. तो याहून अधिक टॉर्क सहन करतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. पण ईसीयूबरोबर गिअरबॉक्सच्या संगणकातही क्लचचा दाब वाढवला नाही, तर वरच्या गिअरमध्ये पेडल दाबताच आरपीएम चढतो आणि वेग मात्र तेवढा वाढत नाही. दर 60,000 किलोमीटरला बदलायचे त्याचे तेल बदलल्याची नोंद वापरलेल्या गाडीच्या कागदपत्रांत सापडत नसेल, तर ते काम आधी उरका.

दुसरे म्हणजे, 1800 आरपीएमलाच सगळा टॉर्क हजर करणारी फाईल घेऊ नका. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जास्त बूस्ट आला की डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. मी असतो तर 400 न्यूटन-मीटरवर थांबलो असतो आणि तोही 2500 च्या पुढेच मागितला असता. वरच्या आरपीएमची ताकद तशीही फारशी कमी होत नाही.

आरसीबुक:
कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, 5,000 रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद केली आहे. रस्त्यावर फाईल कोणी तपासत नाही, हे खरे; मोठ्या अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र तपासू शकतो, आणि न कळवलेला बदल हे दावा अडवण्याचे सोयीचे कारण असते.

सह्यकडा:
सर्वांचे आभार. गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद खरोखरच सापडत नाही, त्यामुळे सुरुवात तिथून करतो. विमा कंपनीकडे लेखी विचारणा करतो आणि ट्यूनरकडे 95 ऑक्टेनची, 400 न्यूटन-मीटरची फाईल मागतो. ईसीयूऐवजी बाहेरून जोडायची ट्यूनिंग बॉक्स घेणे अधिक सुरक्षित ठरेल का?

नॉकलॉग:
माझ्या मते नाही. ती बॉक्स बूस्टच्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला दाखवते, म्हणजे ईसीयू चुकीच्या माहितीवर निर्णय घेत राहतो. काढून टाकणे सोपे, एवढाच तिचा लाभ. रीमॅपिंग करताना मूळ फाईलची प्रत मात्र स्वतःकडे ठेवा, आणि सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अद्ययावत न करण्याविषयी जॉबकार्डवर लिहून द्या. एका अपडेटमध्ये संपूर्ण रीमॅप पुसला जातो.